चार ते एकोणीस मिनिटं

"कांचू, कामात आहेस का? असशील तर ठेवतो."

नानांचा फोन उचलला की पहिलं वाक्य हेच असायचं. शुक्रवार होता. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर चहाच्या मशीनपाशी उभी होते.

"बोला ना नाना."

"विशेष काही नाही. आलेख बघत होतो. डिसेंबरची सतरा तारीख कोरी दिसते."

"कोरी म्हणजे?"

"म्हणजे रेघ सोळाला तुटते आणि अठराला परत सुरू होते. मी पाठवली होती त्या दिवशी नोंद. वहीत आहे. वाचून दाखवू?"

"नको, मी बघते. माझ्याकडेच काहीतरी चुकलं असेल."

"चुकलं असं मी म्हणत नाही. पण दोन वर्षांत तेवढी एकच जागा सुटलीय. डोळ्याला टोचते."

नाना भुसावळला एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते. निवृत्त झाले तेव्हा शाळेनं शाल-श्रीफळाबरोबर त्यांना भूगोलाच्या खोलीतला जुना तापमापक दिला. दिवसाचं सगळ्यात जास्त आणि रात्रीचं सगळ्यात कमी तापमान दाखवणारा. शाळेला तो अडगळ होता. नानांनी त्याच्यासाठी सुताराकडून झडपांची पांढरी पेटी करून घेतली आणि ती गच्चीवर बसवली. रोज सकाळी सातला वर जायचं, दोन आकडे वाचायचे, खाली येऊन वहीत लिहायचे. भुसावळच्या उन्हाळ्याबद्दल कुणी काही बोललं की नाना वही काढत. पाहुणे हळूहळू त्या विषयावर बोलेनासे झाले.

त्या वह्यांचा आलेख मी करून दिला होता. पुण्यात मी सॉफ्टवेअर डेव्हलपर. दिवसभर दुसऱ्यांसाठी प्रोग्राम लिहायचे आणि शनिवार-रविवारी स्वतःसाठी, असं आमच्यातले बरेच जण करतात. माझे असे अकरा उद्योग अर्धवट पडले होते. हा एकच पूर्ण झाला. नाना सकाळी मला व्हॉट्सअॅपवर आकडे पाठवायचे, मी ते भरायचे, आणि त्यांच्या फोनवरच्या पानावर निळी आणि लाल रेघ एक एक टिंब पुढे सरकायची.

"आज भरते," मी म्हटलं.

"सावकाश. घाई नाही." मग आवाज जरा उतरला. "एवढ्या कामात तू रोज सकाळी उत्तर देतेस. मी बोलून दाखवत नाही, पण बरं वाटतं."

"हं."

"आणि..."

"आणि काय?"

"काही नाही. चहा घेत असशील ना? गार होईल. ठेवतो."

मशीनपाशी फरहीन उभी होती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिनं भुवया वर केल्या.

"नाना?"

"हो. एक टिंब हरवलंय."

"अजून सांगितलं नाहीस ना त्यांना?"

"सांगेन."

"तू हे मागच्या दिवाळीलाही म्हणाली होतीस," ती म्हणाली आणि स्वतःचा कप घेऊन गेली.

सांगायचं होतं ते असं. पहिले तीन महिने नानांचे आकडे मी स्वतः भरले आणि स्वतः उत्तरं दिली. मग आमचं एक मोठं काम अंगावर आलं आणि सलग तीन दिवस माझ्याकडून उत्तर गेलं नाही. चौथ्या दिवशी नानांचा फोन आला. आवाज कोरडा झाला होता. "बरी आहेस ना? तुझी आई म्हणते पुण्याला जाऊन या." त्या रविवारी बसून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पुण्यातल्या माझ्या घरी टीव्हीखालच्या खणात एक तळहाताएवढा संगणक सतत चालू असायचा, त्यावर तो ठेवला. नानांचा मेसेज आला की त्यातले दोन आकडे तो उचलायचा, आलेखात भरायचा आणि माझ्याच नंबरवरून उत्तर द्यायचा. उत्तरं मी आधीच लिहून ठेवली होती. चाळीस. थंडीची बारा, उन्हाची पंधरा, बाकीची अशीच. किमान बाराच्या खाली गेलं की "थंडी वाढली नाना, स्वेटर घाला." कमाल बेचाळीसच्या वर गेलं की "उन्हात निघू नका, ताक प्या." अधूनमधून एखादं "शाब्बास".

उत्तर लगेच गेलं असतं तर नानांना शंका आली असती. म्हणून ते चार ते एकोणीस मिनिटांत कधीही जाईल अशी सोय मी केली. त्या युक्तीचं मला फार कौतुक वाटलं होतं. फरहीनला सांगितल्यावर ती हसून हसून टेबलावर आडवी झाली. "माझ्या अब्बूंसाठी पण बनव ना. त्यांना फक्त 'जेवलात का' एवढंच लागतं." मग हसू थांबल्यावर तिनं विचारलं होतं, त्यांना माहीत आहे का.

नानांना वाटायचं, मी आंघोळीला गेलेली असते, किंवा डबा भरत असते, आणि हात मोकळा झाला की लिहिते. आई म्हणायची, आज अठरा मिनिटं लागली, उशिरा उठली असेल.

नाना त्या उत्तरांनाही उत्तरं द्यायला लागले. "हो, घातला." "ताक घेतलं, जिरं घालून." सुरुवातीला मी ती संध्याकाळी वाचायचे. मग आठवड्यानं. मग फोन सारखा वाजतो म्हणून ते संभाषण मी एका बाजूला लपवून ठेवलं, जिथून आवाज येत नाही.

त्या शुक्रवारी दुपारी मी सतरा डिसेंबर शोधला. प्रोग्राम आलेला प्रत्येक मेसेज एका यादीत ठेवायचा. तारखेनं शोधल्यावर ती एकच ओळ समोर आली. "कमाल सत्तावीस, किमान साडेनऊ. रात्री झोप लागली नाही, कागद-पेन हाती धरवेना, म्हणून असंच बोलून पाठवतो." नाना आकडे नेहमी आकड्यांत लिहायचे. त्या दिवशी त्यांनी फोनमध्ये बोलून मेसेज केला होता आणि आकडे अक्षरांत उमटले होते. माझ्या प्रोग्रामला अक्षरांतले आकडे कळत नव्हते.

मला ते काम आवडलं. मराठीतले सगळे आकडे, शिवाय साडे, सव्वा, पावणे, दीड, अडीच. दुपारचे दोन तास मी ऑफिसच्या कामाची खिडकी मागे ठेवून तेच केलं. तपासून बघितलं, पावणेदहा, सव्वाअकरा, सगळं बरोबर वाचलं जात होतं. सतराचं टिंब भरलं आणि रेघ सलग झाली. मग बऱ्याच महिन्यांनी मी स्वतःच्या हातानं नानांना लिहिलं, "नाना, १७ डिसेंबर भरला."

दोन मिनिटांत उत्तर आलं. "पाहिला. आता छान दिसतो."

घरी जाताना भाजी घेतली. मेथी होती. निवडायचा कंटाळा आला म्हणून तशीच फ्रिजमध्ये ठेवली.

याला आता सहा वर्षं होतील.

शनिवारी सव्वानऊला हेमंतदादाचा फोन आला. हेमंतदादा माझा चुलतभाऊ, नानांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. तो म्हणाला, "कांचन, गाडी करून निघ. एकटी चालवत येऊ नको." मी विचारलं, दवाखान्यात कुठल्या. तो म्हणाला, "दवाखान्यात नाही गं."

नाना गच्चीवरून खाली आले, मेसेज पाठवला, चहा घेतला आणि बैठकीतल्या खुर्चीत पेपर घेऊन बसले. आई मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. ती आत आली तेव्हा पेपर मांडीवर होता. साडेआठ वाजले असतील, असं ती म्हणाली. वेळ तिनं प्रत्येकाला सांगितली, जणू कुणी ती लिहून घेत होतं.

मी संध्याकाळी सहाला पोचले. अग्नी हेमंतदादानं दिला. परतताना कुणीतरी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, ती मी तशीच धरून घरी आणली. रडू येत नव्हतं. येईल असं सगळे म्हणत होते, आणि माझ्याकडे वाट पाहिल्यासारखं बघत होते.

रविवारी सकाळी बैठकीत माणसं बसलेली असताना कपाटावर ठेवलेला नानांचा फोन थरथरला. दहा वाजले होते. आई उठली, चष्मा लावला, फोन बघितला. मग माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि परत जागेवर जाऊन बसली.

मला तेव्हा कळलं नाही. दुपारी भांडी घासताना एकदम लक्षात आलं. प्रोग्राम लिहिताना मी अजून एक सोय केली होती. दहापर्यंत नानांचा मेसेजच आला नाही, तर त्यानं आपणहून विचारायचं: "नाना, आज नोंद नाही आली. सगळं ठीक ना?" दोन वर्षांत ती ओळ एकदाही लागली नव्हती, कारण नानांनी एकही दिवस चुकवला नव्हता. त्यामुळे ती आहे हेच मी विसरले होते.

ते थांबवायला एक ओळ पुरली असती. माझा लॅपटॉप बॅगेत होता. अर्ध्या मिनिटाचं काम. मी भांडी घासली, पुसली, फडताळात लावली. लॅपटॉप काढला नाही. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. घरात सगळं थांबलं होतं आणि तो प्रोग्राम एकटाच ठरल्याप्रमाणे आपलं काम करत होता.

सोमवारी दहाला फोन थरथरला. मंगळवारी दहाला थरथरला. आई प्रत्येक वेळी उठून बघायची. बुधवारी ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "लिहीत जा. मन मोकळं होतं. मी पण बोलते यांच्याशी, देवघरात." मी मान हलवली.

भेटायला येणाऱ्यांत नानांचे विद्यार्थी खूप होते. कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, एक जण जळगावहून स्वतःच्या गाडीनं आला होता. आई प्रत्येकाला एकच सांगायची. "पुण्याला एवढी मोठी नोकरी, पण रोज सकाळी वडिलांना हिचं उत्तर यायचं. रोज. एक दिवस खंड नाही."

"नशीब लागतं काकू," जळगाववाला म्हणाला. "आमचा मुलगा अमेरिकेत आहे. पंधरा पंधरा दिवस फोनची वाट बघतो आम्ही."

"तो बिचारा कामात असेल."

"ही पण कामातच आहे की." तो माझ्याकडे वळला. "सरांनी पोरं घडवली, पण पोरगी जास्त चांगली घडवली."

मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. स्वयंपाकघरात मामी कांदे चिरत होती. ती म्हणाली, "रड गं बाई एकदा. असं दाबून ठेवू नये." मी तिला सांगितलं की कांदे मी चिरते. कांदे चिरताना डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा तिला बरं वाटलं.

फरहीनचा मेसेज आला होता. "तो प्रोग्राम बंद केलास ना?" मी लिहिलं, "करते."

नानांबरोबरचं ते लपवलेलं संभाषण मी त्या दिवसांत उघडलं नाही. त्यात काय गेलं असेल ते मला पाठ होतं. चाळीसच वाक्यं होती. नानांनी काय लिहिलं असेल याचा विचार मी केला नाही, किंवा विचार यायला लागला की मी उठून काहीतरी करायचे. आलेल्यांच्या फोनमधल्या अडचणी सोडवून दिल्या. हेमंतदादाच्या फोनमधले चार हजार फोटो नीट लावून दिले. मामीला बिल भरायचं अॅप घालून दिलं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. घरात मी आणि आई उरलो.

पंधराव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात परातीत कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ मळत होते. आईला भाकरी हवी होती, दोन दिवस नुसत्या भातावर काढले होते तिनं. माझा फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. जिन्यावरून पावलं वाजली. आई गच्चीवरून उतरत होती. हातात नानांची वही, आणि वहीवर नानांचा फोन.

"वर कशाला गेली होतीस एवढ्या सकाळी?"

"सात वाजले." ती माझ्यासमोर पाटावर बसली. चष्मा पुसला. "पंधरा दिवस कोरे गेले. यांना चाललं असतं का? एक टिंब राहिलं होतं तर तुझ्या मागे लागले होते."

"आई..."

"रोज दहाला तू विचारतेस, नाना नोंद नाही आली, सगळं ठीक ना. मी वाचते आणि ठेवून देते. आज म्हटलं, पोरगी एवढं विचारून राहिली, कुणीतरी उत्तर दिलं पाहिजे." ती एका बोटानं टाइप करत होती. प्रत्येक अक्षरानंतर चष्म्यावरून बघत होती. "किमान... अकरा... टिंब कुठे असतं गं? हां, सापडलं. अकरा पूर्णांक दोन. कमाल एकोणतीस. गेलं बघ."

मी पिठात पाणी घातलं. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून नऊ मिनिटं झाली होती. सात तेरापासून सात अठ्ठावीसपर्यंत कधीही.

लॅपटॉप आतल्या खोलीत होता. हात धुऊन, उघडून, बंद करायला चार मिनिटं पुरेशी होती. मी मळत राहिले.

"मला वाटायचं हे तुलाच सगळं सांगतात," आई म्हणाली. तिचा अंगठा फोनवर वर वर सरकत होता. "मला राग यायचा थोडा. घरात मी बसलेय आणि दुखलं-खुपलं पुण्याला कळवायचं."

"काय दुखलं-खुपलं?"

"आता मलाच विचार." ती हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. "हे बघ ना. चार तारीख. 'किमान ११.६. चढताना दम लागला, मध्ये बसलो.' आणि खाली तू. 'थंडी वाढली नाना, स्वेटर घाला.' मग हे, 'हो, घातला.'"

माझे हात परातीत होते.

"सात तारीख. 'किमान १०.९. डाव्या हाताला मुंग्या येतात. वयाचं असेल.' तू म्हणतेस, 'गारठा आहे, जपून राहा.'" ती वाचताना आवाज मुद्दाम बदलत होती. नानांचं वाक्य नानांसारखं, माझं माझ्यासारखं. "मी तेव्हा म्हटलं होतं यांना, डॉक्टर फिरकेंकडे जाऊन या, चौकात तर आहेत. तर मलाच म्हणाले, कांचूला कळवलंय. ती शिकलेली आहे, काही असतं तर बोलली असती. ती म्हणते गारठ्यानं आहे. मग मी काही बोलले नाही. ओव्याची पुरचुंडी करून रोज रात्री शेकून द्यायचे. बरं वाटतं म्हणायचे हो."

सात वाजून सोळा मिनिटं.

"शेवटच्या दिवशी पण बघ." तिनं फोन जरा लांब धरला. "'कमाल २८.६, किमान १०.२. हात आज जास्त जड आहे. दोनदा बसलो. वेळ मिळाला तर फोन कर.' आणि तुझं आलं की लगेच, सात एकवीसला. 'थंडी वाढली नाना, स्वेटर घाला.' मी चहा टाकत होते. मला इथून हाक मारून सांगितलं, कांचूचं उत्तर आलं. स्वेटर काढून दे. मी दिला." तिनं चष्मा काढला. "अंगात होता ना तो. तू आलीस तेव्हा बघितला असशील. तू सांगितलं आणि त्यांनी घातला, एवढं तरी आहे मला. एकटे नव्हते गेले."

स्वेटर मी बघितला होता. राखाडी, कोपरावर रफू केलेला. काढून ठेवताना हेमंतदादानं मला विचारलं होतं, ठेवायचा का.

मी पिठाचा गोळा एकत्र केला. पीठ जास्त सैल झालं होतं. कोरडं पीठ घ्यायला हवं होतं, पण डबा आईच्या मागे होता.

आईच्या हातातला फोन थरथरला.

तिनं चष्मा परत लावला. वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. "'शाब्बास नाना. थंडी आहे, स्वेटर घाला.'"

ती हसायला लागली होती, आणि अर्ध्यात थांबली. तिनं माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठानं भरलेले. मग तिनं बाहेरच्या खोलीकडे बघितलं. दारातून माझा फोन दिसत होता, खिडकीपाशी, वायरीला लावलेला, काळा.

"कांचन."

"हं."

"तुझा फोन तिथे आहे."

"हो."

"मग हे कुणी लिहिलं?"

कुकरची शिट्टी व्हायची बाकी होती. बाहेर दूधवाल्याची सायकल जाळीला टेकल्याचा आवाज आला. आईनं तिकडे लक्ष दिलं नाही.

"एक प्रोग्राम आहे," मी म्हटलं. माझा आवाज मला ऑफिसमधल्या मीटिंगमध्ये असतो तसा ऐकू आला. "मी बनवलेला. तो आकडे वाचतो आणि उत्तर देतो. पुण्याच्या घरून. दहाचा मेसेज पण तोच पाठवतो."

"पण शब्द तुझे आहेत. तू असंच बोलतेस."

"एका रविवारी चाळीस वाक्यं लिहून ठेवली होती. त्यातलं एक जातं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

तिनं फोन मांडीवर उपडा ठेवला, परत सुलटा केला. पडदा अजून उजळलेला होता. ती जे विचारणार होती ते मला दिसत होतं, आणि ती ते विचारायला किती वेळ घेत होती तेही. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

"ते ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "कामं असतात तुला. उत्तर मशीनने दिलं, ठीक आहे. पण यांचं तू वाचायचीस ना? रात्री, सवडीनं? हाताचं वाचलं होतंस ना, कांचू?"

कांचू मला फक्त नाना म्हणायचे.

मी परात बाजूला सरकवली. हात धुतले नाहीत. दोन वर्षं जे फरहीनला हसत सांगता आलं होतं आणि त्यांना कधी सांगता आलं नव्हतं, ते मी नानांच्या फोनकडे बघत सांगितलं, तो आईच्या मांडीवर होता म्हणून.

"एकदाच वाचलं. आदल्या दिवशी. झोप लागली नाही, पेन धरवत नाही, असं लिहिलं होतं. त्यातलं मी साडेनऊ तेवढं घेतलं." मग श्वास घेतला. "बाकीचं नाही. नाना, तुम्ही रोज लिहीत होता, आणि मी वाचत नव्हते. मी वाचत नव्हते नाना."